मिरचीच्या नावावर

नंदुरबार,
रथसप्तमीचा दुसरा दिवस

प्रिय रंजिता,

आधी वर 'चि. सौ.' लिहिलं होतं आणि पुढे 'अनेक उत्तम आशीर्वाद'. सासूने सुनेला पत्र लिहायचं ते असंच, आम्हांला शाळेत तसंच शिकवलंय. मग तो कागद चुरगळून टाकला. आशीर्वाद द्यायचा तर हात वर करावा लागतो, आणि माझी तर मानच खाली आहे. म्हणून नुसतं 'प्रिय'. तुला तोंडावर कधी प्रिय म्हटलं नाही, आता कागदावर म्हणते. हसू आलं तर हस, मला इथून दिसणार नाही.

ललित हे पत्र तुझ्या हातात देईल तोवर तू ओसरीवरून गाडीत डोकावून पाहिलं असशील. पुढे तुझे सासरे, मागच्या सीटवर ओटीचं सामान, रुपाची कुंची, तुझ्या आईसाठी घेतलेलं लुगडं, आणि मी नाही. तुझ्या आईने, धनुबाईंनी, निरोप धाडला होता तो मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "सासू सोता लेवाले येई, तवयच पोरले नी नातले धाडसू." योग्यच बोलल्या. त्यांच्या जागी मी असते तर याहून तिखट बोलले असते, माझी जीभ तुला ठाऊक आहे. मी आले नाही म्हणून त्या तुला धाडणार नाहीत, तुझाही पाय निघणार नाही, हे मला कळतं. तरी मी गाडीत बसले नाही. का, ते सांगणार आहे, पण आधीचं सगळं सांगितल्याशिवाय ते खोटं वाटेल. म्हणून एवढं कर, मध्येच कागद फाडू नकोस.

इकडचं म्हणशील तर मिरची पसरलेली आपली पथारी रस्त्यापर्यंत लालेलाल झाली आहे. यंदा मिरची उशिरा आली आणि आली ती एकदमच आली, वाळवायला जागा पुरत नाही, त्यामुळे तुझ्या सासऱ्यांचा पाय घरात ठरत नाही. ललित पोळीचा घास हातात धरून फोनकडे बघत बसतो. तुझा फोन आला की उठून अंगणात जातो. पूर्वीची मी असते तर तुळशीला पाणी घालायच्या निमित्ताने त्याच्या मागोमाग गेले असते. हल्ली नाही जात. तुझी कुंडीतली शेवंती जगवली आहे. पाळणा पुसून त्यावर जुनी साडी टाकून ठेवली आहे, धूळ बसू नये म्हणून. त्या झाकलेल्या पाळण्यामुळे मला त्या खोलीत जावंसं वाटत नाही.

परवा ललितने नको ते सांगितलं. नको ते म्हणजे मला ऐकवेना ते. तू अजून फळाला हात लावत नाहीस म्हणे. केस धुवायचे तर भर दुपारी धुतेस आणि रुपाला अंगावर घ्यायच्या आधी छातीला हात लावून बघतेस, दूध थंड तर नाही. आणि पावडरचं दूध सुरू करू का, असं तू त्याला विचारलंस, कारण तुझ्या दुधानेच तिला ते सगळं झालं असं तुला वाटतं. त्याने तुला काय उत्तर दिलं मला माहीत नाही. मी मात्र ते ऐकून मोरीत जाऊन उभी राहिले. तुझ्या डोक्यात ते कुणी घातलं हे सांगायला बाहेरचा माणूस नको. मीच घातलं.

तू ब्राह्मणपुरीची, केळी-कापसातली मुलगी. लग्नानंतर पहिल्यांदा पथारीवर आलीस आणि शिंकून शिंकून तुझा पदर खांद्यावरून घसरला, तेव्हा आम्ही सगळ्या बायका हसलो होतो. होईल सवय, असं मीच म्हटलं होतं. आपल्या गावाला पाऊस सरून दसरा आला की उन्हाळ्यापर्यंत कुणी कुणाला खोकल्याचं कारण विचारत नाही. बँकेतला साहेब खोकतो, शाळेतली पोरं खोकतात, कीर्तनकार अभंग अर्धा सोडून खोकतो. "मिरचीना ठसका शे" म्हटलं की विषय संपला. परगावच्या माणसाने वाहतं नाक पाहिलं असतं आणि सर्दी झाली म्हटलं असतं. आम्हांला ती बुद्धी होत नाही. आमची दमा, खोकला, पडसं सगळी दुखणी मिरचीच्या नावावर खपतात, आणि मिरची बिचारी काही बोलत नाही.

रुपाची पहिली दिवाळी म्हणून तू तिला घेऊन आलीस. श्रावणात जन्मलेलं बाळ, नुकतं हुंकार द्यायला लागलेलं, कुणीही जवळ गेलं की डोळे मोठे करून बघणारं. त्या आठवड्यात मला पडसं होतं. मी ते तेव्हाही जाणून होते, रंजिता. दोन दिवस पथारीवर पाऊल टाकलं नव्हतं, घरात बसून करंज्या तळत होते, आणि नाक तरी गळत होतं, रात्री अंथरुणातही खोकला येत होता. पथारीचा ठसका पथारीवरच राहतो. मोकळ्या हवेत आलं, घोटभर पाणी प्यायलं की जातो. तो माणसाच्या मागे अंथरुणापर्यंत येत नाही. सारा जन्म मिरचीत गेलेल्या बाईला एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. पण घरात नात आली होती आणि मला तिला घ्यायचं होतं.

तू किती जपून बोलली होतीस. "आई, तुम्हांला जरा सर्दी दिसतेय, रुपाला घेताना तोंडाला रुमाल बांधाल का?" एवढंच. आवाजही चढला नव्हता. पण तेव्हा माझी नणंद बसली होती, शेजारच्या दोघी होत्या, आणि चारचौघींत सुनेने सासूला रुमाल बांधायला सांगावं म्हणजे काय! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्या मात्र खऱ्या झोंबल्या. "मिरचीना ठसका शे व माय, सर्दी कसानी! मन्ही नात शे ती, मी काय परकी शे का?" असं म्हणून मी तिला तुझ्या मांडीवरून उचलली. नुसती उचलली असती तरी एक वेळ ठीक. तुला दाखवायचं म्हणून मी तिच्या गालाचे, हातांचे, अगदी तोंडाचे मुके घेतले. त्या बायका हसल्या. तू दुपटं नीट करायच्या निमित्ताने खाली बघितलंस. तुझा तो खाली गेलेला चेहरा मला तेव्हा माझा विजय वाटला होता, हे लिहायलाही हात धजत नाही, पण तसंच वाटलं होतं.

भाऊबीज झाली आणि रुपाचं नाक वाहायला लागलं. मी म्हटलं, बाळाला एवढंतेवढं व्हायचंच. मग ती दूध ओढता ओढता सोडायला लागली, दोन घोट घेई आणि तोंड फिरवून रडे. तू म्हणालीस डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, ओव्याची धुरी दे, आमची पोरं काय डॉक्टरांनी वाढवली? निखारे मीच आणले. धूर तिच्या नाकाशी धरला, आणि ती अशी खोकली की तू तिला माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलीस. दुसऱ्या दिवशी तिचं पोट उडायला लागलं, बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत जात होती. तरी तुझ्या सासऱ्यांनी गाडी काढेपर्यंत मी काय शोधत होते? दोष कुणावर घालावा ते. आणि मला ते स्वयंपाकघराच्या केराच्या टोपलीत सापडलं. डोंगरातल्या बायका रस्त्यावर विकतात ती सीताफळं. तू खाल्ली होतीस, सालं त्यात होती.

पुढचं तू ऐकलं आहेस, पण मी किती जणींना सांगितलं ते तुला माहीत नाही. खाजगी दवाखान्यात श्वासाचं यंत्र रिकामं नव्हतं म्हणून आपण सरकारी दवाखान्यात गेलो, आणि तिथे जो येईल त्याला मी वॉर्डाच्या दारातच गाठत होते. मामी आली तिला, तुझी आत्या आली तिला, चहा घेऊन आलेल्या शेजारणीला. "मायनी सिताफयं खाधात, नी भोगी ऱ्हायनी लेक." दूध थंड पडलं, छातीत कफ झाला, हल्लीच्या पोरींना जिभेवर ताबा नाही. तू आत रुपाच्या उशाशी होतीस, तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, पोटात दुधाची. दार उघडंच होतं. मी आवाज कमी केला नव्हता. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण माझ्यापाशी तेवढीही आडपडद्याची सभ्यता नव्हती. मी थेट सुनेलाच बोलत होते.

तुझ्या शेजारच्या खाटेवर तोरणमाळची कालीबाई होती, आठवते ना? तिचा पवन, सव्वा वर्षाचा, तापाने फणफणलेला. त्याचं झबलं वर केलं तर पोटावर डाग दिलेले होते, तापल्या सळईचे. श्वास लागला म्हणून आजीने दिले होते. मी काय तोंड सोडलं होतं तिथे! काय माणसं, लेकराला जनावरासारखं डागतात, हे कधी सुधारायचे. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलत होते. डॉक्टर रविना तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मावशी, इथे तिला रागावलं तर पुढच्या वेळी ती पोराला आणणार नाही, लपवेल." त्याही वरच्या डोंगरातल्याच. मला ते तेव्हा कळलं नाही, मला वाटलं आपल्या माणसांची बाजू घेतायत. मग त्यांनी पवनच्या आजीला काही विचारलं, तिच्या बोलीत. म्हातारी उठून उभी राहिली. दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि एका वाक्यात काहीतरी सांगितलं. मी कालीबाईला विचारलं, काय म्हणाली? ती म्हणाली, "मीच डागलं, असं सांगितलं."

त्याच राउंडला डॉक्टर आपल्या खाटेपाशी आल्या आणि त्यांनी विचारलं, घरात कुणाला सर्दी-खोकला होता का? तुझ्या आधी मी बोलले. नाही, म्हटलं, आमची मिरचीची पथारी आहे, ठसका सगळ्यांनाच असतो. किती सफाईने बोलले. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. फक्त पाहिलंस. मला वाटलं आता बोलणार ही, रुमालाचं सांगणार, आणि मी मनातल्या मनात तुला गप्प करायला चार वाक्यं तयारही ठेवली होती. तू परत रुपाकडे वळलीस आणि तिच्या पायातला मोजा सारखा केलास. ती डोंगरातली म्हातारी, जिला मी अडाणी म्हणून हिणवलं, ती विचारल्याबरोबर खरं बोलली. आणि मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, महिला मंडळात भाषण करणारी. तिने दिलेला डाग पोराच्या पोटावर दिसत होता, त्यावर मलम तरी लावता आलं. मी तुला दिला तो कुणाला दिसणार होता?

नाकातल्या पाण्याची तपासणी आली तेव्हा डॉक्टरांनी मला आणि ललितला बोलावून समजावलं. तू रुपाजवळ होतीस. ललितने तुला अर्धंमुर्धं सांगितलं असेल, त्याला लांबण लावता येत नाही, म्हणून मी नीट सांगते. मी त्यांच्या मागे लागले होते की फोटोत न्यूमोनिया दिसला ना, मग भारीतलं अँटिबायोटिक द्या. त्या म्हणाल्या, फोटोत छाती पांढुरकी दिसते, ती कुणी केली ते दिसत नाही, आणि हे काम विषाणूचं असेल तर अँटिबायोटिक त्याला लागू पडत नाही. हे मला पटलं. वाळलेली मिरची लांबून सगळी लालच असते, कोणती किती झोंबणारी ते तुझे सासरे मोडून हुंगल्यावर सांगतात. त्या वॉर्डात तर सगळे न्यूमोनियाचेच होते, पण पोरागणिक विषाणू निराळा. कालीबाईच्या पवनला फ्लू. तो गाजावाजा करत येतो, एकदम ताप भडकतो, अंग मोडून येतं. त्याच्यावर औषध आहे, पण ते लवकर दिलं तर खरं, आणि बाळ सहा महिन्यांचं झालं की लसही देता येते. दाराजवळचा तो विसरवाडीचा मोठा मुलगा, डोळे लालभडक, ताप उतरायचं नाव नाही, त्याचा अडेनो. तो बहुतेकांना सोडून जातो, पण बिघडला तर फुप्फुसावर कायमचे वण ठेवून जातो, म्हणून त्याच्यापाशी डॉक्टर सारख्या जात होत्या. ललितने विचारलं, कोरोना तर नाही ना? तो लहान मुलांना बहुधा हलकाच जातो, म्हणाल्या, अगदी तान्ह्यांना तेवढं जपायचं. मग मी त्या टीव्हीवर बोंबाबोंब झालेल्या एचएमपीव्हीचं विचारलं. तो म्हणे रुपाच्या विषाणूचा चुलतभाऊ, रीत तीच, फक्त जरा मोठ्या पोरांना गाठतो.

आणि रुपाचा तो आरएसव्ही. त्याला आरडाओरडा नाही, ताप असला तर असला. नाकापासून सुरू होतो आणि तीन-चार दिवसांत छातीतल्या सगळ्यात बारीक नळ्यांपर्यंत उतरतो. त्या सुजतात, चिकट शेंबडाने बुजतात. मोठ्या माणसाच्या नळ्या रुंद, त्याला नुसतं पडसं होतं, तो करंज्या तळत हिंडतो. तान्ह्या बाळाच्या नळ्या दोऱ्यासारख्या, त्यामुळे श्वास घेऊ की दूध पिऊ अशी त्याची गत होते. रंजिता, हे दोनदा वाच. रुपा दूध सोडत होती ती दम लागत होता म्हणून. तिला तुझं दूध बाधलं नव्हतं. या विषाणूला मारणारं औषध त्यांच्यापाशी नव्हतं. ऑक्सिजन द्यायचा, नाक मोकळं ठेवायचं, नळीने थोडं थोडं दूध घालायचं आणि वाट बघायची. आणि ते दूध आईचंच हवं, त्यानेच बाळाला लढायचं बळ येतं, असं त्या स्वतः म्हणाल्या. मी सीताफळाचं मुद्दाम विचारलं. त्या हसल्या नाहीत. "मावशी, विषाणू फळातून येत नाही. खोकणाऱ्या माणसाकडून येतो, त्याच्या हाताने येतो, मुक्याने येतो." कुणाकडून आला ते शोधत बसू नका, असंही त्या पुढे म्हणाल्या, आणि मी त्या वाक्याला बुडत्याने धरावं तसं धरलं. ललित जमिनीकडे बघत होता. मी पंख्याकडे बघत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखवत असूनही गप्प कसं बसायचं ते मी तिथे करून दाखवलं.

त्याच संध्याकाळी तुला हे सांगायला हवं होतं. वॉर्डात दहा पावलं चालून यायचं होतं. मी मनाशी म्हटलं, आधी पोर बरी होऊ दे. पोर बरी झाली, नळ्या निघाल्या, तिने पुन्हा अंगावर पिऊन ढेकर दिला, तू पहिल्यांदा रडलीस, आणि मी मनाशी म्हटलं, आता आनंदात विरजण कशाला. मग धनुबाई आल्या आणि तुला दवाखान्याच्या फाटकातूनच माहेरी घेऊन गेल्या. गाडीत बसताना तू माझ्या पाया पडलीस. शिव्या दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या तेव्हा ठरवलं होतं की सगळ्यांसमोर बोलायचं. ज्यांच्यापुढे तुला बोल लावला त्याच सगळ्या होत्या. एकीने विचारलंच, "तुन्ही सून अजून उनी नही का?" माझ्या तोंडात शब्द आला होता. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "सिताफय सोडं का नही मंग तिनी?" आणि सगळ्या हसल्या. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हटलं, गोड बोला. बस, एवढंच. त्या गेल्यावर वाण उरलं होतं ते आवरत बसले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो पीळ माझाच.

आता मी गाडीत का नाही ते. आज निघायचं म्हणून परवापासून साडी काढून ठेवली होती, रुपाच्या कुंचीला हाताने गोंडे लावले. काय बोलायचं तेही ठरलं होतं. तुमच्या ओसरीवर, तुझ्या आईसमोर, तुझा हात धरून. काल दुपारपासून घसा धरला. आज उठले तर नाक गळतंय, अंग कसकसतंय. तुझे सासरे म्हणाले, "मिरचीना ठसका शे व, चाल, गाडीमा बठ." मी गेले नाही तर काय होईल ते ललितच्या तोंडावर दिसत होतं. धनुबाईंची अट पाळायची तर आज यायलाच हवं होतं, आणि आले असते तर रुपासाठी पुन्हा तेच घेऊन आले असते. मी उंबऱ्यात उभी राहून मोठ्याने म्हटलं, शेजारणीला ऐकू जाईल असं, की ठसका नाही, मला सर्दी झालीय आणि मी येत नाही. मग गाडी जेवणं होईपर्यंत थांबवून धरली आणि हे लिहायला बसले. हे पत्र धनुबाईंना मोठ्याने वाचून दाखव, आणि निरोपाला ज्या बायका जमल्या असतील त्यांनाही. माझं तोंड चालत होतं तेही चारचौघींतच. मग यायचं की नाही ते तू ठरव, मी पुन्हा कुणाला पाठवून भीड घालणार नाही. आलीस तर घर तुझं आहे. मी अंथरूण घेऊन पथारीवरच्या खोलीत जाते. नाक कोरडं झालं की हात धुऊन, तोंडाला रुमाल बांधून दारात येईन आणि तू म्हणशील तेव्हाच आत पाऊल टाकीन. रुपाला अंगावरच पाज. आणि तिथे कुणी विचारलं, सासू का आली नाही, तर मिरचीचं नाव सांगू नकोस. सर्दी झालीय म्हण.

तुझीच,
सुगंधाबाई